'ब्लू मून' म्हणजे नेमका कधी?

२०२३ सालची राखीपौर्णिमा, ३० ऑगस्ट. त्या दिवशी रात्री नऊपर्यंत भद्रा होती, त्यामुळे आमच्याकडे राखी बांधायलाच सव्वानऊ झाले. नारळीभात खाऊन झाल्यावर भाची मला ओढत गच्चीवर घेऊन गेली. दुपारपासून तिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एक फोटो फिरत होता. गडद निळा चंद्र, आणि खाली 'आज रात्री ब्लू मून, चुकवू नका'. आभाळात ढग होते. थोड्या वेळाने ते विरळ झाले आणि चंद्र बाहेर आला, चांगला मोठा, लख्ख.

"आत्या, हा तर पांढराच आहे की गं."

मग जरा थांबून म्हणाली, "आणि बाईंनी शिकवलंय की 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे फार फार क्वचित. पण इथे लिहिलंय की हा दर दोन-अडीच वर्षांनी येतो. मग क्वचित कसा?"

दोन्ही प्रश्न रास्त होते आणि त्या रात्री मला एकाचंही नीट उत्तर देता आलं नाही. पुढे काही आठवडे मी त्यामागे लागले. जे हाती आलं त्यात एक जुनी पुस्तिका होती, एक ज्वालामुखी होता, एक प्रामाणिक चूक होती आणि, याची मला अजिबात अपेक्षा नव्हती, आपला अधिक महिनाही होता.

आधी अर्थ. इंग्रजीत एखादी गोष्ट 'वन्स इन अ ब्लू मून' होते म्हणजे ती क्वचितच होते. किती क्वचित, याचं मोजमाप त्यात नाही. आपण मराठीत 'कधीतरी वर्षाकाठी' म्हणतो तेव्हा वर्षं मोजत नाही, तसंच. पण या शब्दांचा मूळ रोख क्वचितपणाकडे नव्हताच. तो अशक्यतेकडे होता. १५२८ साली विल्यम रॉय आणि जेरोम बार्लो या दोन इंग्रजांनी कॅथलिक धर्माधिकाऱ्यांवर झोड उठवणारी एक पद्यपुस्तिका छापली. हे दोघे एकेकाळचे फ्रान्सिस्कन भिक्षू. त्यांची तक्रार अशी, की ही मंडळी चंद्र निळा आहे म्हणाली, तरी आम्ही ते खरं मानायचं. म्हणजे तेव्हा निळा चंद्र ही उघड खोटी, न पटणारी गोष्ट होती. आपण 'सूर्य पश्चिमेला उगवला तरी' म्हणतो, त्या जातीची.

'कधीच नाही'पासून 'अगदी क्वचित' हे अंतर भाषा सहज कापते. १८२१ सालच्या, लंडनच्या जीवनावरच्या एका पुस्तकात एक जण दुसऱ्याला म्हणतो की या ब्लू मूनमध्ये तू दिसलाच नाहीस. इथे चंद्राचा संबंध उरलेला नाही. ब्लू मून म्हणजे नुसता लांबलचक काळ, बोलण्याच्या ओघात आलेला. हे वाक्य वाचताना मला एकदम आपलं 'अरे, उंबराचं फूल झालास!' आठवलं. उंबराची फुलं फळाच्या आत असतात, बाहेरून दिसत नाहीत. म्हणून कधी न दिसणारं ते उंबराचं फूल, आणि मग बऱ्याच दिवसांनी भेटलेला मित्रही उंबराचं फूल. अशक्यतेतून क्वचिताकडे यायची वाट दोन्ही भाषांनी आपापली शोधली.

या शब्दांची एक व्युत्पत्ती वारंवार सांगितली जाते. जुन्या इंग्रजीत 'दगा देणं' अशा अर्थाचा 'बिलेव' हा शब्द होता आणि ईस्टरच्या आधीचे उपवास लांबवणारी जादा पौर्णिमा ती 'दगाबाज' म्हणून 'बिलेव मून', त्याचं पुढे 'ब्लू' झालं. ऐकायला छान आहे. पण जुन्या लिखाणात अशा पौर्णिमेला कुणी ते नाव दिल्याचा आधार मिळत नाही, त्यामुळे मी ती बाजूला ठेवते.

आता भाचीचा पहिला प्रश्न. चंद्र खरोखर निळा दिसतो का? दिसतो, पण त्याला पौर्णिमेची गरज नसते. त्याला लागतो विशिष्ट आकाराचा धूर किंवा धूळ.

हवेचे रेणू प्रकाशाच्या लहरींच्या मानाने फार लहान असतात. ते निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि लाल प्रकाश बराचसा सरळ जाऊ देतात. म्हणून दिवसा आकाश निळं, आणि क्षितिजाजवळचा सूर्य-चंद्र तांबूस. पण हवेत मिलिमीटरच्या साधारण हजाराव्या भागाएवढे, म्हणजे लाल प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा जरासे मोठे कण भरले, आणि मुख्य म्हणजे ते बहुतेक एकाच आकाराचे असले, तर उलटा प्रकार होतो. लाल विखुरला जातो आणि निळा आपल्यापर्यंत पोचतो. अडचण 'एकाच आकाराचे' या अटीत आहे. शेकोटीच्या किंवा फटाक्यांच्या धुरात लहानमोठे सगळे कण मिसळलेले असतात, म्हणून त्यातून चंद्र मळकट किंवा लालसर दिसतो. निवडून घेतल्यासारखे सारखे कण निसर्गात क्वचित जमतात.

१८८३ साली ते जमले. जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या क्राकाटोआ बेटावरचा ज्वालामुखी २६ आणि २७ ऑगस्टला फुटला. त्या स्फोटाने आणि त्यातून उठलेल्या समुद्राच्या लाटांनी मिळून ३६,००० हून जास्त माणसं नेली. राख वातावरणात फार उंच गेली आणि पृथ्वीभोवती फिरली. पुढच्याच महिन्यात, सप्टेंबरमध्ये, श्रीलंकेतून आणि दक्षिण भारतातून हिरवट सूर्य दिसल्याच्या नोंदी आहेत. जगात ठिकठिकाणी लोकांनी निळसर आणि हिरवट चंद्र पाहिले. दुसरा प्रसंग जवळच्या काळातला. १९५० साली कॅनडाच्या पश्चिमेकडच्या जंगलांत प्रचंड वणवे लागले. त्यांचा धूर अटलांटिक महासागर ओलांडून गेला आणि २६ सप्टेंबरला स्कॉटलंड-इंग्लंडमधल्या लोकांना सूर्य निळा दिसला, रात्री चंद्रही निळा.

क्राकाटोआचं नाव घेऊन काही जण म्हणतात की वाक्प्रचार तिथूनच आला. तारखा तसं म्हणू देत नाहीत. ज्वालामुखी १८८३ चा, आणि 'ब्लू मून' लोकांच्या तोंडी त्याच्या निदान साठ वर्षं आधीपासून. एवढंच खरं, की त्या वर्षी एका जुन्या थट्टेला डोळ्यांनी पाहिलेला पुरावा मिळाला.

मग पौर्णिमेशी याचा संबंध कुठून आला? इथून पुढची गोष्ट अमेरिकेतली आहे.

ईशान्येकडच्या मेन राज्यात १८१९ पासून 'मेन फार्मर्स अल्मॅनॅक' नावाचं शेतकऱ्यांचं वार्षिक निघत असे. आपल्या पंचांगाचा दूरचा भाऊ म्हणा. त्यात प्रत्येक पौर्णिमेला नाव असे. नाताळाच्या, म्हणजे यूलच्या आधीची, यूलच्या नंतरची, लेंटच्या उपवासांची, ईस्टरची 'एग मून', सुगीची 'हार्वेस्ट मून'. वर्षाचे चार ऋतू अयनदिन (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस) आणि विषुवदिन (दिवस-रात्र समान असतात ते दोन दिवस) यांनी पाडलेले, आणि प्रत्येक ऋतूत तीन पौर्णिमा. हिशेब नीट बसतो, पण नेहमी नाही. कधी कधी एका ऋतूत चार पौर्णिमा येतात. तीन नावं आणि चार चंद्र! मग त्या चौथीला नाव काय द्यायचं?

अल्मॅनॅकने 'ब्लू मून' हे नाव दिलं. पण चौथ्या पौर्णिमेला नाही, तिसरीला. कारण चौथी ही अयनाच्या किंवा विषुवाच्या लगतची असते आणि तिचं नाव पक्कं ठरलेलं असतं. यूलच्या आधीची पौर्णिमा यूलच्या आधीच हवी. म्हणून जादा चंद्र मधे सरकवला, आणि बाकी सगळ्यांची नावं सणांच्या जागी राहिली.

पंचांग पाहणाऱ्या घरात वाढलेल्याला ही युक्ती ओळखीची वाटेल. आपल्याकडे जादा महिना आला की आधी 'अधिक श्रावण' आणि मग 'निज श्रावण'. सणवार निज महिन्यात. जादा महिना मधे घालून राखी, गणपती, दिवाळी ऋतूंच्या जागी धरून ठेवायची.

'ब्लू मून'चा अर्थ बदलला तो १९४६ मध्ये. ऑरेगनमधल्या यूजीन गावचे हौशी खगोलनिरीक्षक जेम्स ह्यू प्रुएट यांनी 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकाच्या मार्च अंकात एक लेख लिहिला. मेनच्या १९३७ च्या अल्मॅनॅकमधला मजकूर त्यांना याच मासिकाच्या १९४३ सालच्या एका टिपणातून मिळाला होता. त्यात १९ वर्षांत सात वेळा वर्षात तेरा पौर्णिमा येतात असं होतं, ऋतूंच्या विभागणीचा तपशील नव्हता. प्रुएट यांनी विचार केला : बारा महिने, तेरा पौर्णिमा, म्हणजे अकरा महिन्यांत एकेक आणि एका महिन्यात दोन. त्या महिन्यातली दुसरी ती ब्लू मून असणार. हा आपण लावलेला अर्थ आहे, असंही त्यांनी लिहिलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्या माणसाने स्वतःचा तर्क तर्क म्हणूनच मांडला होता. पुढच्यांनी तो शब्द गाळला.

अल्मॅनॅकचं मूळ पान त्यांच्यासमोर असतं तर चूक तिथेच उघडी पडली असती. १९३७ मध्ये अल्मॅनॅकने ब्लू मून दाखवला होता २१ ऑगस्टला. दोन पौर्णिमांमध्ये साडेएकोणतीस दिवस असतात, म्हणजे २१ तारखेची पौर्णिमा कुठल्याच महिन्यात दुसरी असू शकत नाही. दुसरी यायची तर ३० किंवा ३१ लाच.

नवी व्याख्या बरीच वर्षं मासिकात पडून राहिली. ३१ जानेवारी १९८० ला 'स्टारडेट' या अमेरिकन रेडिओ कार्यक्रमात ती सांगितली गेली. १९८६ मध्ये 'ट्रिव्हियल परसूट' या प्रश्नांच्या खेळात तिचं कार्ड आलं. मे १९८८ मध्ये एका महिन्यात दोन पौर्णिमा आल्या आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती छापली. त्यानंतर ती 'प्राचीन लोकपरंपरा' म्हणूनच ओळखली जाऊ लागली. १९९९ मध्ये न्यूफाउंडलंडचे लोकसाहित्याचे अभ्यासक फिलिप हिस्कॉक आणि टेक्सासचे खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांच्या शोधामुळे सगळा माग लागला. जुने अल्मॅनॅक गोळा करून तारखा तपासल्या, तेव्हा ब्लू मून बहुतेक फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या २० ते २३ तारखांच्या आसपास सापडले. 'स्काय अँड टेलिस्कोप'ने आपल्या पानांवरून पसरलेली चूक आपल्याच पानांवर मान्य केली. व्याख्या मात्र आता मागे घेता येण्यासारखी नव्हती. आज दोन्ही चालतात. १९ ऑगस्ट २०२४ चा ब्लू मून जुन्या, ऋतूच्या हिशेबाचा होता : २२ जून, २१ जुलै, १९ ऑगस्ट आणि १८ सप्टेंबर या चारांतला तिसरा. त्या महिन्यात पौर्णिमा एकच, त्यामुळे बातम्या वाचणारे गोंधळले. तीही नेमकी राखीपौर्णिमाच होती.

आता गणित. हे सोपं आहे आणि एकदा कळलं की विसरत नाही. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा. असे बारा म्हणजे ३५४ दिवस आणि वर काही तास. सौरवर्ष साधारण तीनशे सव्वापासष्ट दिवसांचं. दर वर्षी जवळजवळ अकरा दिवस उरतात. ते साठत साठत अडीच-पावणेतीन वर्षांत एक पुरता चांद्रमास होतो. १९ वर्षांत २२८ इंग्रजी महिने, पण पौर्णिमा २३५. सात जास्त. त्या सात कुठेतरी दुसऱ्या पौर्णिमेच्या महिन्यात येणारच. १९ वर्षांचं हे चक्र अथेन्सच्या मेटॉनच्या नावाने ओळखलं जातं, तो काळ इसवी सनापूर्वी ४३२ चा. आपल्या अधिक महिन्यांचा हिशेबही तोच, साधारण १९ वर्षांत सात.

इथवर येऊन मी भिंतीवरची जुनी कॅलेंडरं काढली आणि एक गोष्ट दिसली. २०१५ च्या जुलैत दोन पौर्णिमा होत्या. २ तारखेची अधिक आषाढाची, ३१ ची गुरुपौर्णिमा. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पहिली अधिक आश्विनाची आणि दुसरी निज आश्विनाची, म्हणजे कोजागिरीची. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पहिली अधिक श्रावणाची, दुसरी नारळी. मेनच्या अल्मॅनॅकने स्वप्नातही न पाहिलेली, एका चुकीतून जन्मलेली व्याख्या आपल्या अधिक महिन्याशी इतकी जुळते कशी?

उत्तर संक्रांतीत आहे. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो ती संक्रांत. आपल्याला मकरसंक्रांत तेवढी ठाऊक असते, पण संक्रांती वर्षातून बारा, आणि त्या सध्या इंग्रजी महिन्याच्या मध्याला, साधारण १३ ते १७ तारखेला येतात. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत एकही संक्रांत झाली नाही तर तो महिना अधिक. २०२३ मध्ये सूर्य १७ जुलैला कर्केत गेला, आणि त्याच दिवशी मध्यरात्रीच्या सुमारास अमावास्या संपली. पुढची अमावास्या १६ ऑगस्टच्या दुपारी संपली, आणि सूर्य सिंहेत गेला १७ ऑगस्टला. संक्रांत एकीकडे थोडक्यात आधी, दुसरीकडे थोडक्यात नंतर. मधला महिना मोकळा, म्हणून अधिक श्रावण. आता अमावास्या महिन्याच्या मध्याला आली की पौर्णिमा महिन्याच्या टोकांना जाते, एक सुरुवातीला आणि एक अखेरीला. म्हणजे एकाच इंग्रजी महिन्यात दोन. हा योगायोग नाही, एकच कालगणना दोन खिडक्यांतून दिसते.

मेळ दर वेळी बसतो असं नाही. २०१८ मध्ये जानेवारीत आणि मार्चमध्ये ब्लू मून आले, मधल्या फेब्रुवारीत पौर्णिमाच नव्हती, आणि अधिक ज्येष्ठ मात्र मे-जूनमध्ये. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते, त्यामुळे सूर्य आकाशात भरभर पुढे जातो आणि हिवाळ्यातले सौरमहिने चांद्रमासापेक्षा आखूड होतात. त्यात संक्रांत टाळणं चांद्रमासाला जमत नाही, म्हणून सध्या मार्गशीर्ष आणि पौष अधिक येत नाहीत. इंग्रजी महिन्याच्या ३१ दिवसांना या वेगाशी काही देणंघेणं नाही. आणि फेब्रुवारी? तो साडेएकोणतीस दिवसांचाही नसतो. त्यात दोन पौर्णिमा कधीच मावणार नाहीत.

'महिन्यातली दुसरी' या व्याख्येचा आणखी एक पेच आहे. महिना घड्याळावर संपतो आणि घड्याळ देशागणिक वेगळं. २००९ च्या ३१ डिसेंबरला युरोप-अमेरिकेत नववर्षाच्या पूर्वसंध्येचा ब्लू मून साजरा झाला. पौर्णिमेचा नेमका क्षण तिथे ३१ तारखेला होता. आपल्या घड्याळात तेव्हा १ जानेवारी २०१० चे पाऊण वाजत आले होते. म्हणजे भारतात डिसेंबरमध्ये ब्लू मून झालाच नाही. तो सरकला जानेवारी २०१० मध्ये, कारण ३० जानेवारीला पुन्हा पौर्णिमा होती.

राहिला भाचीचा दुसरा प्रश्न : इतक्या वेळा येतो तर क्वचित कसा? उत्तर असं, की हा हिशेबच नंतरचा. 'फार क्वचित' हा अर्थ लोकांच्या बोलण्यात आधीपासून होता. पौर्णिमेची मोजणी त्याला मागाहून चिकटली, तीही चुकून. आपल्याकडचा 'कपिलाषष्ठीचा योग' आठवा. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतीपात योग, आणि सूर्य हस्त नक्षत्रात. हे सगळं एका दिवशी जुळणं साठ वर्षांनी एकदा, असं परंपरा सांगते. हा योग पंचांगातून निघाला आणि मग लोकांच्या बोलण्यात गेला. ब्लू मूनची चाल उलटी, बोलण्यातून पंचांगात. म्हणून 'वन्स इन अ ब्लू मून'चं मराठी करायचं झालं तर मी 'कपिलाषष्ठीच्या योगासारखं' म्हणेन. 'निळ्या चंद्रात एकदा' असं नाही. वर्तमानपत्रांत 'नीलचंद्र' छापतात, तो शब्द सुरेख आहे, पण तो वाचून मुलं गच्चीवर जाऊन निळा रंग शोधतात.

तेराव्या पौर्णिमेबद्दल मेनच्या त्या अल्मॅनॅकने १९३७ मध्ये असंही लिहिलं होतं की तिच्यामुळे चर्चच्या सणांचा क्रम बिघडे, म्हणून तेरा हा आकडा अशुभ ठरला. ते खरं असो वा नसो, वाचताना मला 'दुष्काळात तेरावा महिना' ऐकू आलं. बारा महिन्यांचं धान्य पुरत नाही आणि वर अधिक महिना. आपल्याकडे त्या महिन्याला मलमास म्हणून शुभकार्यं टाळतात, आणि त्यालाच पुरुषोत्तम मास, धोंड्याचा महिना म्हणून जावयाला तेहतीस अनारसे देतात.

२०२६ मध्ये १ मे ला बुद्धपौर्णिमा आहे. महाराष्ट्रदिन आणि पौर्णिमा एका दिवशी. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, त्याची पौर्णिमा ३१ मे ला, रविवारी. या वेळी क्रम बदलला आहे. महिन्यातली दुसरी पौर्णिमा अधिक महिन्याची आहे, म्हणजे ब्लू मून आणि अधिक पौर्णिमा अगदी एकच. भाचीला मी दोन्ही तारखा कॅलेंडरवर खुणा करून दिल्या आहेत. तिने ३१ च्या चौकटीत पेन्सिलीने लिहून ठेवलंय : 'पांढराच दिसेल'.